उकिरड्यातील वीज

सकाळी आपण घर झाडतो. केर, भाजीची देठे, केळीची साले, उष्टे-खरकटे, सारे एकाच पाटीत भरून उकिरड्यावर टाकतो. आम्हीही जामनेरात कित्येक वर्षे हेच केले. एके वर्षी आमच्या गल्लीतली दुभती गाय मेली. पोट उघडून पाहिले, तर आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा! खरकटे पिशवीत बांधून टाकणारे आपणच. तेव्हापासून आमच्या घरी दोन डबे आहेत. एक ओल्याचा, एक सुक्याचा.

"मास्तर, कचऱ्याचं एवढं काय कौतुक?" असे लोक विचारतात. ऐका तर.

ओला कचरा पाणी घालून हवाबंद टाकीत कुजवला, की डोळ्यांना न दिसणारे जंतू तो खातात. त्यातून गॅस निघतो. गोबर गॅस म्हणतात तो हाच. त्यावर चूल पेटते आणि इंजिनही चालते. इंजिन जनित्र फिरवते, जनित्र फिरले की वीज होते. मात्र गॅसमध्ये गंधकाचा अंश असतो. तो आधी गाळून काढावा लागतो, नाहीतर इंजिन झिजते.

हे काही नवे नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस धरला होता. २०२२ साली तिथेच हाजी अलीजवळ वाया गेलेल्या अन्नाच्या विजेवर मोटारी भारून देण्याची सोय झाली.

आता हिशेब पहा. २५ किलो शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो. त्यातून दीड युनिटाच्या आसपास वीज होते. १ युनिटावर १० वॅटचा दिवा १०० तास जळतो. पण एका घरचा ओला कचरा तो किती? तेवढ्यावर फार तर चहा होईल. वीज हवी तर सारी गल्ली, खानावळी आणि बाजारातला सडका भाजीपाला एकत्र आला पाहिजे. उरलेली रबडी वाया जात नाही. ती कपाशीला, केळीला उत्तम खत.

एक सांभाळा. टाकी रिकामी दिसली तरी आत उतरू नका. विषारी वायूने माणूस गुदमरून मरतो.

टाकी होईल तेव्हा होईल. डबे आजच मांडा. एकावर 'ओला', दुसऱ्यावर 'सुका' असे आपल्या हाताने लिहा. अक्षरे शिकलो ती अशा कामासाठीच.