मागून चालणारा

आजचा शास्त्रभाग : लूक 24:13-35

स्पेनमध्ये सांतियागोची वाट, म्हणजे प्रेषित याकोबाच्या कबरीकडे जाणारी जुनी यात्रा. सारियापासूनचे शेवटचे शंभरेक किलोमीटर मी एका ग्रुपसोबत चाललो. गंमत म्हणजे आमचा गाइड सगळ्यात मागे चालायचा. मी मुद्दाम पुढे. बाबा गेल्यापासून प्रार्थना जमत नव्हती, आणि कुणी विचारपूस करायला नको होती.

दुसऱ्या दिवशी पोर्तोमारीन सोडल्यावर टाचेला फोड आला. आपोआप मागे पडलो, गाइडजवळ. "फक्त पायच दुखतोय ना?" एवढंच त्याने विचारलं. पुढचे कितीतरी किलोमीटर मीच बोलत होतो.

अम्माऊसला निघालेले ते दोघे तर यरुशलेमकडे पाठ फिरवून चालले होते. तरी येशूने त्यांना अडवलं नाही, सोबत चालू लागला. आणि बघा ना, वधस्तंभावर जो स्वतः होता तोच विचारतो, काय घडलं? आधी त्यांचं सगळं ऐकून घेतो, शास्त्र नंतर उलगडतो. (आपण नेमकं उलटं करतो!)

त्या रात्री पालास दे रेईला मी प्रभूला बाबांबद्दल सांगितलं. त्याला ठाऊक होतंच. तरी अगदी पहिल्यापासून सांगितलं.