कोणत्या शहरात जावे?

मुलांनो, आज तुम्ही शाळेत आहात. घर, शाळा, मोहल्ला आणि खेळाचे मैदान हे तुमचे जग आहे. पण आणखी तीन-चार वर्षांनी तुमच्यापैकी कित्येकांना आपले गाव सोडावे लागेल. कोणी पुढच्या शिक्षणासाठी जाईल, कोणी नोकरीसाठी, तर कोणी एखादी कारागिरी शिकण्यासाठी. त्या वेळी तुमच्यासमोर एक प्रश्न उभा राहील. कोणत्या शहरात जावे?

बहुतेक मुले या प्रश्नाचे उत्तर घाईने देतात. मित्र मुंबईला गेला, म्हणून आपणही मुंबईला जायचे. चित्रपटात उंच इमारती आणि समुद्र पाहिला, की मनाला भुरळ पडते. पण शहर म्हणजे जत्रा नव्हे, की दोन दिवस हिंडलो आणि परत आलो. तिथे रोज राहायचे असते, रोज जेवायचे असते, रोज कामावर जायचे असते. निवड चुकली तर एक वर्ष वाया जाते. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसेही खर्च होतात. म्हणून हा निर्णय विचार करूनच घ्यावा.

विचाराची सुरुवात कुठून करावी? शहराच्या नावापासून करू नये. आपल्याला काय शिकायचे आहे, कोणते काम करायचे आहे, इथून करावी. समजा, मालेगावच्या एका मुलाने आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. एका संध्याकाळी तो वडिलांना म्हणतो,

"अब्बा, मी मुंबईला जातो."

"कशासाठी, बेटा?"

"तिथे काहीतरी काम मिळेलच."

"काहीतरी म्हणजे काय? तुझ्याजवळ फिटरचे प्रमाणपत्र आहे. फिटरला काम कुठे मिळते, ते आधी तुझ्या सरांना विचारून ये. मग शहराचे नाव घे."

वडिलांनी किती योग्य सल्ला दिला! मुलगा सरांकडे गेला, तर त्याला कळेल, की फिटरला काम कारखान्यात मिळते. नाशिकला सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती आहेत. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. १९६१ च्या कायद्यानुसार कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. त्यांना काम शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. मालेगावहून नाशिक सुमारे १०० किलोमीटरवर आहे, तर मुंबई पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आता त्या मुलाला विचार करता येईल. आधी तो फक्त स्वप्न पाहत होता.

माणसांप्रमाणे शहरांचेही वेगवेगळे गुण असतात. मुंबई हे व्यापाराचे, बंदराचे आणि बँकांचे शहर आहे. तिथले विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. चित्रकला शिकणाऱ्यांसाठी जे. जे. कला महाविद्यालयही तिथेच आहे. पुण्यात महाविद्यालये पुष्कळ आहेत, आणि हिंजवडीला संगणकाचे काम करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, येथे १९५८ पासून विद्यापीठ आहे आणि जवळच वाळूजला कारखाने आहेत. ज्यांना उर्दू माध्यमातूनच उच्च शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. ते १९९८ साली सुरू झाले. तेव्हा सर्वांत चांगले शहर कोणते, असे विचारू नका. माझ्या कामासाठी चांगले शहर कोणते, असे विचारा.

दुसरी गोष्ट आहे हिशेबाची. जिथे पगार जास्त, ते शहर चांगले, असे आपल्याला वाटते. एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एका मोठ्या शहरात तुम्हांला महिन्याला १८,००० रुपये मिळणार आहेत. खोलीच्या भाड्यातला तुमचा वाटा ६,५०० रुपये, खानावळीचे ५,००० रुपये, प्रवासाचे १,५०० रुपये आणि किरकोळ खर्च २,५०० रुपये. एकूण खर्च झाला १५,५०० रुपये. हातात राहिले २,५०० रुपये. आता समजा, एका मध्यम शहरात १४,००० रुपये मिळतात. तिथे खोलीचे ३,०००, खानावळीचे ४,०००, प्रवासाचे ५०० आणि किरकोळ १,५०० रुपये लागतात. खर्च झाला ९,००० रुपये. हातात राहिले ५,००० रुपये. पगार ४,००० रुपयांनी कमी, पण शिल्लक दुप्पट! घरी पैसे पाठवायचे असतील, तर पाहायची ती ही शिल्लक. शिवाय खोली घेताना मालकाला अनामत द्यावी लागते. पहिला पगार हाती येईपर्यंत महिनाभर स्वतःच्या पैशाने राहावे लागते. ही रक्कम निघण्यापूर्वीच वेगळी काढून ठेवावी.

पैशाबरोबर वेळेचाही हिशेब करावा. मुंबईत काम मिळते, पण स्वस्त खोली दूर मिळते. कल्याणहून मुंबईचे मुख्य रेल्वे स्थानक सुमारे ५४ किलोमीटर आहे. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचे रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात. ज्याला नोकरी सांभाळून रात्रीच्या महाविद्यालयात शिकायचे आहे, त्याला हे दोन-तीन तास फार मोलाचे आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसांचा आधार. अनोळखी शहरात पहिले काही दिवस कठीण जातात. ताप आला तर पाण्याचा पेला कोण देणार? तिथे मामू, खालाजान किंवा गावातले कोणी असेल, तर मोठा आधार होतो. मात्र नातेवाइकांच्या घरी पाहुणे म्हणून किती दिवस राहायचे, हेही आधीच ठरवावे. त्यांचेही घर लहान असते. अशा वेळी वसतिगृह सोयीचे पडते.

मुलींनो, हा भाग तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. "एवढ्या लांब नको," असे अम्मी म्हणतात, तेव्हा त्यांना तुमच्या शिक्षणाचे वाईट वाटत नसते. त्यांना काळजी वाटत असते. काळजीला उत्तर रडून किंवा रुसून देऊ नका. माहितीने द्या. महाविद्यालयाला मुलींचे वसतिगृह आहे का? ते किती अंतरावर आहे? तिथे अधीक्षिका राहतात का? घरी येण्यासाठी थेट गाडी आहे का? महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी सुरू केलेले विद्यापीठ आजही मुंबई आणि पुणे येथे मुलींना शिकवत आहे. अशा ठिकाणांची माहिती कागदावर लिहून अम्मी-अब्बांसमोर ठेवा. एकदा त्यांना तिथे घेऊन जा. डोळ्यांनी पाहिले, की अर्धी भीती कमी होते.

चौथी गोष्ट आहे भाषेची. १९६४ च्या कायद्याने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा झाली. तुम्ही नाशिकला जा, पुण्याला जा किंवा नागपूरला जा. कार्यालयातला अर्ज, खोलीचा करार, दवाखान्यातली पाटी, एसटीवरचा फलक मराठीत असतो. जो मराठी वाचतो, त्याला प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही आणि त्याची फसवणूक करणे सोपे नसते. तुम्हांला तर ही भाषा जवळचीच आहे. शहर, अर्ज, हिशेब, खर्च, कागद, मजूर हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि इथे मराठीतही वाचता. महाराष्ट्राबाहेर जाणार असाल, तर तिथली भाषाही शिकावी लागेल. हैदराबादेत उर्दू पुष्कळ चालते, पण बसवरची पाटी वाचायला तेलुगू यायला हवी.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे जीवन पाहा. त्यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरम या बेटावरच्या लहान गावात झाला. गावात जेवढे शिकता आले, तेवढे ते शिकले. मग रामनाथपुरमच्या शाळेत गेले, तिथून तिरुचिरापल्लीच्या महाविद्यालयात गेले. विमानांचे शिक्षण घ्यायचे होते, म्हणून ते मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला गेले. तिथल्या संस्थेत प्रवेशासाठी सुमारे १,००० रुपये लागणार होते. तेव्हा त्यांच्या बहिणीने, जोहरा यांनी, आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. पुढे विमानांच्या कारखान्यात प्रशिक्षण घेण्यासाठी ते बंगळूरला गेले. १९५८ साली नोकरीसाठी दिल्लीला गेले. आणि त्यानंतर? पुढे काही वर्षांनी ते केरळमधल्या थुंबा येथे कामाला गेले. थुंबा हे कोळ्यांचे खेडे होते. पण रॉकेट सोडण्यासाठी ती जागा योग्य होती. तिथूनच २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट आकाशात उडाले. कलामसाहेब कामाच्या मागे गेले. काम शहरात होते तेव्हा शहरात गेले, खेड्यात होते तेव्हा खेड्यात गेले. बहिणीच्या बांगड्यांचे मोल त्यांनी कधी विसरले नाही.

म्हणून तुमचे काम तुमच्याच गावात असेल, तर गावात राहण्यात काहीही कमीपणा नाही. भिवंडीचा किंवा मालेगावचा जो मुलगा यंत्रमागाची दुरुस्ती उत्तम करतो, त्याने ते काम सोडून शहरात ओझी का वाहावी?

जाण्याचे ठरले, तर आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. शक्य असेल तर त्या शहरात आधी दोन दिवस राहून या. तिथे काम करणाऱ्या किमान तीन माणसांना भेटा. एकाचे ऐकून ठरवू नका. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड यांच्या प्रती घरीही ठेवा. एक वर्षाची मुदत ठरवा. वर्षाने काय शिकलो, किती साचले, याचा पुन्हा हिशेब करा. शहर बदलावेसे वाटले तर बदला. त्यात लाज नाही.

आणि निघताना आईवडिलांची दुआ घ्या. पोहोचल्यावर त्याच दिवशी घरी खुशाली कळवा. तुमची गाडी सुटल्यापासून तिथे कोणी जेवलेले नसते.

शब्दार्थ

भुरळ पडणे – मोह होणे
पोटाला चिमटा घेणे – स्वतः कमी खाऊन पैसे वाचवणे
निर्णय – फैसला
विद्यावेतन – शिकत असताना मिळणारी रक्कम, वजीफा
अनामत – भाड्याखेरीज मालकाकडे ठेवलेली, परत मिळणारी रक्कम
अधीक्षिका – वसतिगृहाची देखरेख करणारी बाई
गहाण ठेवणे – वस्तू ठेवून कर्ज घेणे
अनोळखी – अजनबी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शहराचा विचार कुठून सुरू करावा?
(आ) जोहरा यांनी काय गहाण ठेवले?
(इ) थुंबा हे कोणाचे खेडे होते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पगार कमी असूनही मध्यम शहरात शिल्लक जास्त का राहिली?
(आ) अम्मीची काळजी दूर करण्यासाठी मुलीने कोणती माहिती मिळवावी?
(इ) मराठी वाचता येण्याचा शहरात काय उपयोग होतो?

३. 'भुरळ पडणे' आणि 'पोटाला चिमटा घेणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

४. मराठीत आणि उर्दूत सारखे असणारे आणखी दहा शब्द शोधून लिहा.

५. तुमच्या मोहल्ल्यातून दुसऱ्या शहरात गेलेल्या एका व्यक्तीला भेटा. ती व्यक्ती तिथे का गेली, तिला कोणत्या अडचणी आल्या, हे विचारून दहा ओळी लिहा.