‘पास’ झालं म्हणजे काय झालं?

परंड्याच्या बाजारात किंवा एस. टी. स्टँडवर घटकाभर उभे राहा. एक शब्द कानावर येतोच. “पोरगी दहावी पास झाली.” “कर्ज पास झालं.” “पास काढला का?” शब्द एकच, पण अर्थ निरनिराळे. हा शब्द इंग्रजीतला. तो आता आपल्या बोलण्यात मुरला आहे. म्हणून त्याचे अर्थ आपण नीट समजून घेऊ.

लॅटिन नावाची एक जुनी भाषा आहे. तीत ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून ‘पास’ हे क्रियापद आले. पास होणे म्हणजे पुढे जाणे, ओलांडणे. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे बाकीचे अर्थ सोपे होतात.

पोरगी परीक्षा पास झाली, म्हणजे ती ओलांडून पुढे गेली. एस. टी.चा पास म्हणजे जाण्या-येण्याची परवानगी. बँकेची वही बँक आणि खातेदार यांच्यात या हातातून त्या हातात जाई, म्हणून ती पासबुक. टाइमपास म्हणजे वेळ घालवणे. पण ‘आसपास’ आणि ‘जवळपास’ यांतला ‘पास’ आपलाच. त्याचा अर्थ जवळ. इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते नाही.

आता कामाची गोष्ट. १९४८ पर्यंत परंडा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हा लोक ‘मंजूर’ म्हणत. आजही म्हणतात. त्याच अर्थाने आता ‘पास’ही म्हणतात. पण पास म्हणजे एक पाऊल पुढे. मुक्काम आला असे नव्हे!

मुंबईत विधिमंडळाची दोन्ही सभागृहे विधेयक पास करतात. तरी तेवढ्याने कायदा होत नाही. पुढे राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती लागते. कर्जाचेही तसेच. कर्ज पास झाले, म्हणजे पैसे हाती आले असे नाही. पैसे खात्यात जमा झाले का, ते पासबुकात वाचा. त्याआधी कुणाला इसार देऊन बसू नका. “आधी एवढे द्या, पास करून देतो,” असे कुणी म्हणाले, तर सावध व्हा.

ग्रामसभेत ठराव पास झाला, तर तो वहीत उतरला का ते बघा. नुसते हात वर करून भागत नाही.

म्हणून ‘पास झालं’ असे ऐकले की तीन गोष्टी विचारा. काय पास झालं? कुणी केलं? कागद कुठे आहे? कागद हाती आला की रक्कम, व्याज, तारीख आणि सही स्वतः वाचा. आपण अक्षर शिकलो ते याचसाठी.

अभ्यास

१. ‘पास’ शब्द असलेली तीन वाक्ये लिहा.
२. ‘आसपास’ या शब्दाचा अर्थ सांगा.
३. घरातले पासबुक काढा. शेवटची नोंद मोठ्याने वाचा.