विमानांच्या वाटेखालील वस्ती

कुर्ल्यातील एखाद्या शाळेत वर्ग चालू असतो. शिक्षक वाक्य अर्ध्यावर थांबवितात, विमान माथ्यावरून पुढे सरकते आणि मग उरलेले वाक्य पूर्ण होते. मुलांना या खंडाची इतकी सवय झालेली असते की, कोणी वर पाहतही नाही. परंतु सवय झाली म्हणजे त्रास संपला, असा समज करून घेणे योग्य ठरणार नाही.

मुंबईचा विमानतळ भर वस्तीत आहे. त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोहींचा एकाच वेळी स्वतंत्र वापर करता येत नाही. तरीही 11 नोव्हेंबर 2023 या एका दिवसात तेथे 1032 उड्डाणे व अवतरणे झाली, म्हणजे सरासरीने दर दीड मिनिटाच्या आत एक! वर्षातील बहुतेक काळ वारा पश्चिमेकडून वाहतो आणि विमाने वाऱ्याला सामोरी जाऊनच उतरतात व उडतात. साहजिकच ती घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात आणि विलेपार्ले-जुहूच्या बाजूने समुद्राकडे झेपावतात. उतरणारे विमान सुमारे 3 अंशांच्या उताराने येते. धावपट्टीला टेकण्यापूर्वी 3 किलोमीटरवर ते जमिनीपासून जेमतेम 160 मीटर उंच असते.

विमानतळ आधी की वस्ती आधी, हा वाद नेहमी घातला जातो. त्याचे उत्तर एकपदरी नाही. सांताक्रूझचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला आणि युद्धानंतर नागरी वाहतूक जुहूहून तेथे आली. पार्ले व कुर्ला ही गावे त्याहून कितीतरी जुनी. उलट, भोवतीच्या अनेक झोपडवस्त्या नंतरच्या. शिवाय एअर इंडियाची बोइंग 707 जेट विमाने आली ती 1960 मध्ये. त्यापूर्वी तेथे घर बांधणाऱ्याला पुढील गर्जनेची कल्पना कोठून असणार?

सरासरीचा फसवेपणा

आवाज डेसिबेलमध्ये मोजतात, पण हे माप साध्या बेरजेचे नाही. 10 डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, 20 वाढले की शंभरपट. केंद्र शासनाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा आहे. 2018 मध्ये विमानतळ परिसरासाठी स्वतंत्र मानके ठरली. वर्षाला 50,000 हून अधिक उड्डाणे व अवतरणे होणाऱ्या विमानतळासाठी ती दिवसा 70 आणि रात्री 65 अशी आहेत. म्हणजे रात्रीच्या मर्यादेत शंभरपटीचा फरक. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी युरोपसाठी केलेली शिफारस तर विमानांचा रात्रीचा आवाज 40 डेसिबेलच्या आत असावा, अशी आहे. त्यातही ही सारी मापे सरासरीची. झोपलेले मूल सरासरीने जागे होत नाही, एकेका विमानाने होते; आणि परदेशी जाणारी अनेक विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतरच सुटतात.

याचा मुलांच्या अभ्यासावर काय परिणाम होतो, हे पाहण्याची दुर्मीळ संधी जर्मनीतील म्युनिक शहरात मिळाली. तेथील जुना विमानतळ मे 1992 मध्ये बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही परिसरांतील मुलांची या बदलापूर्वी एकदा आणि नंतर दोनदा तपासणी केली. जुन्या विमानतळाजवळची मुले वाचनात व स्मरणात मागे होती; आवाज थांबल्यावर ती उणीव भरून निघाली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांत मात्र तीच उणीव दिसू लागली. मुले तीच होती, बदलला होता तो आवाज.

नवी मुंबईपुढील काम

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1971 मध्ये विमानांच्या आवाजाची मानके प्रथम स्वीकारली. तेव्हापासून इंजिने पुष्कळ शांत झाली, परंतु विमानांची संख्या वाढत गेली. म्हणूनच या संघटनेने 2001 मध्ये चार उपाय एकत्र योजण्याचे धोरण ठरविले : विमान शांत करणे, भोवतालच्या जमिनीचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धतीत बदल आणि गरज पडल्यास उड्डाणांवर निर्बंध. मुंबईत दुसऱ्या उपायाची वेळ केव्हाच टळली. दुहेरी काचांच्या खिडक्या पक्क्या घरांना उपयोगी पडतात. पत्र्याच्या छपराला त्यांचा काय उपयोग?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. योजना दोन समांतर धावपट्ट्यांची असून सुरुवात एकीने झाली आहे. सभोवतालच्या 'नैना' क्षेत्राच्या नियोजनाचे काम 2013 मध्ये सिडकोकडे सोपविण्यात आले. इमारतींची उंची विमानांच्या सुरक्षिततेसाठी मर्यादित केली जातेच. त्याच नकाशावर आवाजाच्या रेषाही आखता येतात. त्या रेषांच्या आत गोदामे, कारखाने व वाहनतळ चालतील. शाळा, रुग्णालये आणि घरे बाहेर हवीत. दुसऱ्या धावपट्टीच्या वाटेखाली कोणते भूखंड येतील, हे आजच सांगता येते. त्यांवर घर घेऊ इच्छिणाऱ्याला ते करारापूर्वी कळले पाहिजे.