गावची चावडी

चावडी म्हणजे गावाची बसायची जागा. पाटील-कुलकर्णी तिथे बसत. शेतसारा तिथेच भरत. भांडण-तंटाही पंचांपुढे तिथेच मिटे.

आजची उपनगरे तेव्हा गावेच होती. १९५० साली अंधेरी मुंबईत आली, १९५७ साली मुलुंड. भातखाचरे गेली, इमारती उठल्या. गावठाणे तेवढी उरली.

पण चावडीचे काम संपले नाही. जमीन दुसऱ्याच्या नावावर चढवायची, तर फेरफाराची नोंद चावडीवर लावावी, असे १९६६ चा महसूल कायदा सांगतो. गावात चावडी नसेल, तर कलेक्टर ठरवतील ती जागा चावडी. हरकत असेल, तर नोटिशीची मुदत १५ दिवस.

पूर्वी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आता तुम्हाला अक्षर येते. चावडीवर जा. आपले नाव शोधा. स्वतः वाचा.