दिवसांचे गणित

कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. आपल्यापैकी बहुतेकजण याच मार्गाने महाविद्यालयात ये-जा करतो. याच कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. ही यमुना म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, हा धडा आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र होता, हे मात्र त्या धड्यात वाचल्याचे मला आठवत नाही. जे स्वतःच्या अंगावरून गेले तेच त्यांनी अभ्यासाला घेतले होते.

गर्भधारणा कधी होते, कधी होत नाही आणि नको असेल तर काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'असले वार्षिक अंकात कसे चालेल?' असे एका मैत्रिणीने विचारले. माझ्या बरोबर दहावी झालेल्या कितीतरी मुली आज सासरी आहेत. तेव्हा हा विषय आपल्या वयाचा नाही असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेणे होय.

आमच्या बदलापूरच्या चाळीत दुपारी बायका जीन्सचे धागे कापत बसतात. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून गठ्ठे येतात आणि नगावर पैसे मिळतात. आईसुद्धा हे काम करते. या विषयातले माझे पहिले शिक्षण त्या धाग्यांच्या ढिगाभोवतीच झाले. पहिल्या वेळी दिवस राहत नाहीत. अंगावर पाजत असेतो काळजी नाही. पाळीनंतरचे आठ-दहा दिवस मोकळे असतात. लगेच उठून धुतले की झाले. आणि एवढे करूनही पाळी चुकलीच तर कच्ची पपई आहेच! यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, परंतु या बायकांना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण त्यांना दुसरे कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या बोलीत पाळीला कितीतरी शब्द आहेत : अडचण, बाहेर बसणे, कावळा शिवणे. गर्भ राहण्याला 'दिवस जाणे' म्हणतात. पण ज्या दिवसामुळे हे सर्व घडते, त्या बीज सुटण्याच्या दिवसाला शब्दच नाही. पोथ्यांत 'ऋतुकाल' आहे, मनुस्मृतीत तो सोळा रात्रींचा सांगितला आहे. पण तो संतती व्हावी म्हणून सांगितलेला, आणि आमच्या चाळीच्या बोलण्यात तर तो कधी उतरलाच नाही.

आता ते गणित पाहू. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस धरायचा. तेथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. या चक्रात केव्हातरी बीजकोशातून एक बीज सुटते. ते १२ ते २४ तासच टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेचे असतात. सोमवारी संबंध आला आणि बीज शुक्रवारी सुटले, तरी दिवस राहू शकतात.

मग हे सहा दिवस टाळले की झाले, असे कोणीही म्हणेल. अडचण पुढेच आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. लांबतो किंवा आखडतो तो चक्राचा पहिला भाग. म्हणून मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. चक्र २८ दिवसांचे असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटेल, ३५ दिवसांचे असेल तर एकविसाव्या आणि २४ दिवसांचे असेल तर दहाव्या. या शेवटच्या मुलीचे धोक्याचे दिवस पाचव्यापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे आमच्या चाळीत ज्यांना 'मोकळे' म्हणतात नेमके तेच.

आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही. गाडी निघून गेल्यावर ती किती वाजता आली होती हे कळावे, तसे हे गणित आहे. आपल्या वयात तर चक्र आणखीच अनियमित असते. परीक्षा, ताप, जागरण, वजनातला मोठा फरक, यांपैकी कशानेही बीज सुटणे पुढे जाऊ शकते. सबब निव्वळ कॅलेंडरावर विसंबणे एकोणीस वर्षांच्या मुलीला परवडणारे नाही. तरीही प्रत्येकीने आपल्या पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात असे मला वाटते. पाळी चुकली आहे की नुसती लांबली आहे, हे ओळखण्याचा तेवढाच आधार असतो.

येथे माझ्या मोठ्या बहिणीविषयी लिहितो म्हटले तर ती म्हणाली, 'लिही, पण नाव नको.' बारावीला ताईला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर ती व्हायची होती. अठरा पूर्ण झाल्यावर तिचे लग्न झाले, अंबरनाथला दिले. लग्नानंतर शिकायचे असे दोन्ही घरी ठरले होते. पहिले वर्ष मूल नको म्हणून तिने कोठूनसे ऐकलेला 'चौदावा दिवस' आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-तीन दिवस नेमाने पाळले. तिची पाळी मात्र चोवीस-पंचवीस दिवसांनी येते. चौथ्या महिन्यात दिवस गेले. दुसऱ्या वेळी बाळ आठ महिन्यांचे होते, वरचे अन्न सुरू झाले होते, पण अंगावर पाजत होती म्हणून ती निश्चिंत होती. स्तनपानाने दिवस राहत नाहीत हे खरे आहे, पण तीन अटींवर : बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, ते रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असले पाहिजे आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. तीनपैकी एक अट सुटली की आधार सुटला. ताईच्या पहिल्या दोन अटी सुटल्या होत्या. दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षांनी नवा गर्भ राहावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताईचे अंतर त्याच्या निम्मेही नव्हते; दुसऱ्या खेपेस तिचे रक्त फार कमी झाले. तिच्या एफ.वाय.ची पुस्तके पुढे मीच वापरली.

विशीच्या आतल्या बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येणे, प्रसूतीनंतर जंतुसंसर्ग होणे, मूल कमी वजनाचे होणे हे धोके विशी ओलांडलेल्या स्त्रीपेक्षा अधिक असतात. आनंदीबाईंच्या काळापासून औषधे पुष्कळ सुधारली आहेत, पण चौदा-सोळा वर्षांच्या मुलीचे शरीर तेच आहे.

हे सर्व मराठीत सांगण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले, आणि तो गणिताचाच प्राध्यापक होता, याचे मला मोठे नवल वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. पत्नी मालतीबाईंनी त्यांना साथ दिली. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही.

अभ्यास करताना मला एक गोष्ट फार उद्बोधक वाटली. कर्व्यांनी केंद्र काढले तेव्हा बीज केव्हा सुटते हे जगात कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. जनावरांच्या माजाशी तुलना करून कित्येक डॉक्टर पाळीच्या आसपासचा काळच गर्भधारणेचा समजत आणि मधले दिवस सुरक्षित म्हणून सांगत, म्हणजे नेमके उलटे! जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे हे कोडे उलगडले. विद्वानांना इतकी शतके लागली, तर आमच्या चाळीतल्या मावशींना काय बोल लावायचा?

'समाजस्वास्थ्या'त वाचक प्रश्न विचारीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. १९३१ साली एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला तो वाचकांना दिलेल्या या उत्तरांवरच. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. ज्या गोष्टीला दंड झाला ती गोष्ट म्हणजे प्रश्नाला उत्तर देणे, एवढेच येथे नमूद करते.

आता साधनांकडे वळू. शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच केले नाही तर सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. पुरुषाने ऐनवेळी बाजूला होण्याच्या पद्धतीत वर्षाकाठी वीसच्या आसपास जणी फसतात. निरोध नेहमीच्या, थोड्याफार निष्काळजी वापरात १३ जणींना दगा देतो. दर वेळी आणि नीट वापरला तर दोघींनाच. शिवाय गुप्तरोग आणि एच.आय.व्ही. यांपासून रक्षण करणारे साधन हेच. रोजच्या गोळीने नेहमीच्या वापरात सात जणी फसतात, न विसरता घेतली तर एकही क्वचित. मात्र उच्च रक्तदाब किंवा तीव्र अर्धशिशी असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्यावाचून ही गोळी घेऊ नये. कॉपर-टी, म्हणजे आमच्याकडच्या बायका जिला तांबी म्हणतात ती, शंभरात एखादीलाच फसवते, दहा वर्षांपर्यंत चालते आणि काढली की पुन्हा मूल होऊ शकते. तांबी पोटात फिरते, काळजापर्यंत जाते, असे मीही ऐकत आले आहे. तिची जागा गर्भाशयात असते; क्वचित ती गळून पडते किंवा सरकते, म्हणून दोरा तपासून घ्यायचा. २०१७ पासून सरकारी योजनेत तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' ही गोळीही आली. छायेतले औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले आहे.

'सकाळची गोळी' म्हणून जी मुलामुलींच्या बोलण्यात असते ती रोजची नव्हे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, ती घ्यायची असते. ती बीज सुटणे पुढे ढकलते. बीज आधीच सुटले असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पुढच्या संबंधालाही तिचे संरक्षण नसते.

या सर्वांत पुरुष कोठे आहे? महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषाच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी शेकड्याला एकही नाहीत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसून आले. हे नेहमीच असे नव्हते. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्याच १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या जबरदस्तीची भीती पुरुषांच्या मनात अशी बसली की सारा भार बायकांच्या पोटावर गेला. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. टाकेसुद्धा घालावे लागत नाहीत, ताकद जात नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरून तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या वडिलांच्या कारखान्यातील एकानेही ती करून घेतलेली नाही. आईचे मात्र माझ्या धाकट्या भावानंतर लगेच 'ऑपरेशन' झाले; तेही कोणी तिला इतर उपाय सांगितल्यावाचून.

पाळी चुकली तर आठवडाभर देवाला हात जोडत बसू नये. लघवीची साधी चाचणी औषधाच्या दुकानात मिळते, सरकारी केंद्रांत व आशाताईंकडे मोफत मिळते आणि पाळी चुकल्यावर लगेच करता येते. गर्भ नको असेल तर १९७१ च्या कायद्याने गर्भपात नोंदणीकृत डॉक्टरकडे कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठराविक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. साधन फसले हे कारण आता अविवाहितेलाही सांगता येते, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही असा निर्णय दिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. अठराच्या आतील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. शिवाय तिच्याशी आलेला संबंध २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. मात्र मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने त्या अहवालात तिचे नाव सांगण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात म्हटले आहे. दुकानातून परस्पर गोळ्या आणून पोट पाडण्याचा प्रकार मात्र जिवावर बेततो. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून आत रक्तस्राव होतो. एका बाजूला पोटात असह्य कळ, घेरी, खांद्यात दुखणे अशी लक्षणे दिसली की तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे.