भिंत उभी कशी राहते?

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एका घराची भिंत एकाच दिवसात पुरुषभर उंचीच्याही वर चढविली गेली. सायंकाळी वळवाचे वारे सुटले आणि भिंत आडवी झाली. मजूर घरी गेले होते म्हणून कोणास इजा झाली नाही. सकाळी आम्ही मुले ढिगाऱ्याभोवती जमलो, तेव्हा दिसले, की विटा बहुतेक अखंडच होत्या. मग भिंत पडली कशाने?

भार किती, ताकद किती?

थोडे गणित करू. विटांच्या एक घनमीटर बांधकामाचे वस्तुमान सुमारे १९०० किलोग्रॅम असते. भिंत ३ मीटर उंच असेल, तर तळाशी दर चौरस मीटरवर ५७०० किलोग्रॅमचा भार, म्हणजे सुमारे ५६,००० न्यूटन दाब पडतो. भारतीय मानकातील सर्वांत खालच्या प्रतीची वीटदेखील दर चौरस मीटरला ३५ लाख न्यूटन दाब सोसते. हे साठपटीहून अधिक झाले! सांध्यांमुळे भिंतीची ताकद सुट्या विटेपेक्षा कमी भरते हे खरे. तरीही एकमजली घराची भिंत स्वतःच्या वजनाने चिरडत नाही. ती पडते ती कलंडून.

आता २० सेंटिमीटर जाडीची, ३ मीटर उंचीची, ताजी बांधलेली भिंत घ्या. मसाला ओला असल्याने त्याची पकड शून्य माना. भिंतीच्या एक मीटर लांबीचे वजन सुमारे ११,२०० न्यूटन. ते जाडीच्या मध्यातून, म्हणजे कडेपासून ०·१ मीटर अंतरावरून खाली जाते. म्हणून भिंतीला सावरणारे आघूर्ण ११२० न्यूटन-मीटर. वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला २५० न्यूटन झाला, की ३ चौरस मीटरवर ७५० न्यूटन बल पडते. ते मध्यावर, १·५ मीटर उंचीवर कार्य करते असे धरले, तर त्याचे आघूर्ण ११२५ न्यूटन-मीटर होते. झाले, भिंत कलंडली! एवढा दाब ताशी सुमारे ७३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने पडतो, आणि वळवाच्या वादळात असे झोत येऊ शकतात. हीच भिंत दीड मीटरच उंच असती, तर तिला पाडण्यास ताशी सुमारे १०४ किलोमीटरचा वारा लागला असता. एका दिवसात साधारण दीड मीटरहून अधिक बांधू नये, या जुन्या संकेताचे एक कारण हे. दुसरे असे, की वरच्या वजनाने खालचा ओला मसाला दबून सांधे सरकतात.

गवंड्याची हत्यारे आणि नियम

गवंडी पुन्हापुन्हा ओळंबा लावतो तो का? या भिंतीचा माथा ४ सेंटिमीटर झुकला, तर गुरुत्वमध्य २ सेंटिमीटर सरकतो. कडेपासूनचे अंतर १० ऐवजी ८ सेंटिमीटर उरते आणि त्या बाजूचे सावरणारे आघूर्ण पाचव्या हिश्श्याने घटते. पाणसळ आणि ताणलेली दोरी थर आडवा राखतात, म्हणजे भार सरळ खाली जातो.

सांधेमोडही पाहा. वरच्या विटेचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर येतो. त्यामुळे एका विटेवरचा भार खालच्या थरात दोन विटांवर, त्याखाली तीन विटांवर असा पसरतो. काही विटा जाडीच्या दिशेने आडव्या घालतात. त्या नसत्या, तर एका भिंतीऐवजी दोन पातळ भिंती शेजारी उभ्या राहिल्या असत्या. विटा भिजवून का घेतात? कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषते आणि सिमेंट नीट घट्ट होत नाही.

परांची

भिंत छातीपर्यंत आली, की परांची बांधावी लागते. साध्या परांचीत बाहेरच्या बाजूने वाश्यांची एक रांग असते. आडव्या दांड्यांचे एक टोक वाश्याला बांधलेले आणि दुसरे भिंतीत ठेवलेल्या भोकात टेकलेले असते. दांड्यांवर फळ्या टाकतात. प्लास्टरपूर्वी ही भोके बुजविताना तुम्ही पाहिली असतील.

भिंत आणि वासा यांत १·२ मीटर अंतर आहे, आणि भिंतीपासून ०·४ मीटरवर गवंडी व विटा मिळून १२० किलोग्रॅमचा भार आहे, असे समजा. तरफेच्या नियमाने ८० किलोग्रॅम भार भिंतीवर आणि ४० वाश्यावर पडतो. म्हणजे गवंडी जी भिंत बांधतो, तीच त्याला पेलत असते! ती कच्ची असताना दांडे टेकविले किंवा फळीवर विटांची रास रचली, तर भिंत आणि माणूस दोघेही धोक्यात येतात. दगडी भिंतीसाठी वाश्यांच्या दोन रांगांची स्वतंत्र परांची करतात, कारण तिथे अशी भोके ठेवणे अवघड असते.

करून पाहा

पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. कोपरा ढकलताच तो तिरका होतो. आता एक पट्टी कर्णावर लावा. चौकोन हलत नाही, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. परांचीला तिरके बांबू का बांधतात, ते आता सांगा पाहू.

पुढच्या वेळी बांधकामाजवळून जाताना, अंतर राखून, परांचीला तिरके बांबू आहेत का आणि फळ्या बांधलेल्या आहेत का, ते पाहा. वर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्यांवर अवलंबून असतो.